कप्तान दिगंतला मी मारलं

मार्च आला की शहाण्यासुरत्या माणसांना अभ्यास आठवतो. मला गोष्टीची पुस्तकं आठवतात. आता मी स्वतः शाळेत शिकवते, दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभी राहते, मुलांच्या कंपासपेट्या उघडून आत चिठ्ठ्या आहेत का ते बघते. आणि घरी आल्यावर पायांवर गार पाणी घेऊन, चहाचा कप शेजारी ठेवून कप्तान दिगंत वाचत बसते. परवा आई म्हणाली, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यायची वेळ झाली आणि तू काय ही पोरकट पुस्तकं घेऊन बसलीस. तिचं बरोबर आहे. पण तिला हे ठाऊक नाही, की या कप्तानाला मी एकदा ठार मारलेलं आहे. तेव्हा तो मेला नाही. त्याचं काय, तो पुढे अठरा भाग जगला. नुकसान झालं ते दुसऱ्याच माणसाचं.

आमच्या सेक्टरमधली सर्क्युलेटिंग लायब्ररी या जानेवारीत बंद झाली. लायब्ररीवाल्या काकांनी त्याच गाळ्यात व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि पुस्तकं रद्दीत काढली. मी वेळेवर पोचले म्हणून दिगंतचे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस भाग हाती लागले. काकांनी ते कांद्याच्या रिकाम्या गोणीत भरून दिले, त्यामुळे अंतराळाला सध्या कांद्याचा वास येतो. पहिल्या पानावर तोच निळा शिक्का आहे, 'पुस्तकावर लिहू नये' असा, आणि त्या शिक्क्याखालीच कुणीतरी 'शेवट फालतू आहे' असं लिहून ठेवलंय. काही पानांवर आमटीचे डाग आहेत. ते माझेच असावेत, कारण मी ही पुस्तकं ताटाशेजारी ठेवून वाचलेली आहेत.

ज्यांनी दिगंत वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. 'श्येना' नावाच्या यानाचा हा कप्तान. महिन्याला एक भाग निघायचा, खिशात मावेल एवढा, आणि दर भागात एक नवा ग्रह. प्रत्येक ग्रहावरचे लोक झकास मराठी बोलत. कुणाला तीन डोळे, कुणाला शेपूट, पण 'महाराज, घात झाला!' हे सगळ्यांना येत असे. दिगंतकडे मोठी शस्त्रं कधीच नसत. तो हिकमती. पुरता कोंडीत सापडला की तो शांतपणे स्वतःला विचारी, 'हाताशी काय आहे?' आणि मग सदऱ्याचं बटण, चिमूटभर तपकीर, आंब्याची कोय, असल्या चिल्लर गोष्टींतून सुटकेची वाट काढी. एकदा त्यानं अख्खं यान नाडीनं बांधून ओढलं होतं. मला तेव्हा ते सहज पटलं होतं.

आता वाचताना पटत नाही, हे ओघानं आलंच. पण खटकतं ते वेगळंच. दिगंत सुटतो तेव्हा त्याच्या हाताशी असलेल्या वस्तूचं पुढे काय होतं हे लेखक कधी सांगत नाही. बटण गेलं ते गेलं. कोय फेकली ती फेकली. आणि काही वेळा हाताशी वस्तू नसते, माणूस असतं: कुणी म्हातारा पहारेकरी, कुणी स्वयंपाकी. दिगंत त्याच्या खांद्यावर पाय देऊन भिंत चढतो आणि पलीकडे उडी टाकतो. भाग संपतो. खाली उभ्या राहिलेल्या त्या माणसाचा खांदा दुखला का, हे विचारायला पुढच्या भागात कुणी परत येत नाही. सोळाव्या वर्षी मला ही गोष्ट दिसली नव्हती. दिसली असती तरी मी काही वेगळं वागले असते का, याची मला खात्री नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही महाडकडच्या गावातून वाशीला राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. दादा, म्हणजे माझे वडील, महाप्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होते. खाडीपुलावरून बसेस यायच्या, पण वस्ती म्हणजे मोजक्या बिल्डिंगी, मधे मोकळी मैदानं, आणि पलीकडे सानपाड्याच्या बाजूला मिठागरं. फेब्रुवारी संपला की तिकडे मिठाचे ढीग पांढरे दिसू लागायचे आणि दुपारी त्यांच्याकडे बघवायचं नाही. आमच्या घराण्यात मॅट्रिकला बसणारी मी पहिली मुलगी. दादा रोज सकाळी बुद्धांच्या तसबिरीपुढे आम्हाला उभं करून पंचशील म्हणवून घेत. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील. मी ते खणखणीत आवाजात म्हणायचे, कारण दादांना खणखणीत आवाज आवडायचा.

शाळा सकाळची होती. दुपारी आई शिवणाच्या वर्गाला जायची आणि मी दाराशी, जिन्याच्या गार फरशीवर, भूमितीच्या पुस्तकात दिगंत घालून बसायचे. तिथंच बामामावशी भेटली. ती सानपाडा गावातली. सकाळभर आमच्या बिल्डिंगींतून म्हावरं विकायची, आणि उन्हं कलली की मिठागरावर टोपल्या वाहायला जायची. मधल्या वेळात टोपली उतरवून ती आमच्या जिन्यात टेकायची, कारण तिथं सावली असे. गुडघ्यापर्यंत कासोटा, दंडावर गोंदण, आणि आवाज असा की तळमजल्यावर 'बोंबील' म्हटलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या बायका ताट घेऊन बाहेर यायच्या. दोनतीन दिवस तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाली, मी पुस्तकात बघून हसते का रडते तेच तिला कळत नाही, तर मी जरा मोठ्यानं वाचावं.

मी वाचलं. माझी कल्पना, दोन पानांत तिला डुलकी लागेल. पण ती जी ऐकत बसली ती तीन वाजेपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी आली ती मला कालचा भाग म्हणून दाखवू लागली. सांगू नाही लागली, म्हणून दाखवू लागली. माझ्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं, 'महाराज, घात झाला' यासकट. ऐकताना तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असे, एका पेरावर एक प्रसंग. बारा पेरं भरली की ती हात वर करायची, मी थांबायचं. मनातल्या मनात ती बारा पेरं ती पुन्हा एकदा मोजून घ्यायची, मग म्हणायची, हां, चल.

हळूहळू कळलं की बामामावशी धवलारीण आहे. आगरी लग्नात भटजी मागाहून. आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून नवरानवरी बाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, ती म्हणते, दोनदोन तीनतीन दिवस, आणि कागद म्हणाल तर चिटोराही नाही. बामामावशीनं हे सगळं तिच्या आत्याकडून तोंडी घेतलं होतं. आत्यानं तिला पहिल्या दिवशी जो नियम सांगितला तो तिनं मलाही सांगितला, आणि अशा सुरात सांगितला की मी पुस्तक मिटलं.

"आपल्या पदरचा येक शबूद घालाचा नाय. कानानं घेतला तसाच तोंडानं द्याचा. पदरचा घातला मंग ती धवलारीन कसली?"

ती धवल्यांत कप्तान घालत नसे, देवाचं ते देवाचं. पण मिठागरावर बायका भाकरी सोडून बसल्या की ती दिगंतची कानी, म्हणजे कहाणी सांगायची. हळदीच्या घरी बायका दमल्या की हाका मारायच्या, बामे, कप्तान कुठं पोचला? नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मी तिला तेवीस भाग वाचून दाखवले. मी जिन्यात वाचलेला ग्रह दोन दिवसांत सानपाड्यात पोचायचा आणि आठवड्यात बोनकोड्याला. मला त्याची नशा चढली होती, हे कबूल करायला हवं. वर्गात मी मागच्या बाकावरची, गणितात काठावरची मुलगी. पण खाडीकाठच्या गावांत बायका माझ्या तोंडून निघालेल्या गोष्टीसाठी थांबून राहत होत्या.

आणि मग पूर्वपरीक्षेचे मार्क आले. गणितात बावीस. दादांनी गुणपत्रिकेवर सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि जेवायच्या आधीच अंथरूण घातलं. दादा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी ठरवलं, आता दिगंत बंद.

इथं साधा सरळ मार्ग होता. मावशी, माझी परीक्षा आहे, आता मे महिन्यात वाचू, एवढं म्हणायचं. ती एका शब्दानं बोलली नसती. उलट परीक्षेच्या दिवसांत डोक्याला चांगली म्हणून चार बोंबील जास्तच टाकून गेली असती. मग मी तसं का म्हटलं नाही? दहा वर्षं मी याची वेगवेगळी उत्तरं देत आलेय. तिचा हिरमोड बघवला नसता, हे एक. चोविसावा भाग लायब्ररीतून कुणीतरी नेलेला होता, हे दुसरं. खरं कारण एवढंच की मला कंटाळा आला होता आणि वाट बघणारं माणूस मला दारात नको होतं. मे महिन्यात पुन्हा वाचायचंय हे ओझंसुद्धा नको होतं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. मी वैद्याला खरोखरच मारला.

तेविसावा भाग संपतो तेव्हा दिगंत एका बर्फाळ चंद्रावर, गुहेत एकटा, आणि नळकांड्यातली हवा संपत आलेली. शेवटची ओळ आहे, 'दिगंतने स्वतःला विचारले, हाताशी काय आहे?' ती ओळ मी वाचलीच नाही. पुस्तकात बघत बघत, पान उलटल्यासारखं करत, मी त्याला मारून टाकला. हवा संपली. कप्तान बर्फावर आडवा झाला. त्याच्या डोळ्यांपुढे पृथ्वी चिंचोक्याएवढी दिसत होती. 'घरी सांगा, मी वाट चुकलो नाही,' हे त्याचे शेवटचे शब्द. हे शेवटचे शब्द माझे मलाच फार आवडले. बामामावशीचा अंगठा बाराव्या पेरावर थांबला होता. मग तिनं विचारलं, त्याच्या मागं कोण आहे का. मी म्हटलं, कुणी नाही. पुस्तकं संपली. ती टोपली न घेताच जिना उतरली आणि मग आठवण होऊन परत आली.

दहाव्या दिवशी तिनं मिठागराच्या बांधावर भाताचा घास ठेवला. पुस्तकातला का असेना, तिचं म्हणणं, चार महिने आपल्यात होता. कावळा लगेच शिवला, म्हणजे त्याचं मागं काही राहिलेलं नाही, असं मी खाली भाजी घ्यायला उतरले होते तेव्हा ती मला समाधानानं सांगून गेली. मी वर येऊन हसले. मिठागरावरचे कावळे भुकेलेलेच असतात, असं काहीतरी मनाशी म्हटलं आणि प्रमेय पाठ करायला बसले. ते हसू मला अजून आठवतं. सकाळी खणखणीत आवाजात म्हटलेलं चौथं शील त्या हसण्याच्या आड कुठं आलं नाही.

मार्चमध्ये बोनकोड्याला एक मोठं लग्न होतं. बामामावशी धवलारीण म्हणून गेली होती. हळदीच्या दिवशी बायकांनी गळ घातली म्हणून तिनं दिगंतचं मरण सांगितलं. बायका डोळे पुसत असताना त्या घरची पनवेलची सून, नवी, दहावी शिकलेली, पटकन म्हणाली की कप्तान मुळी मेलाच नाही. तेविसावा भाग तिनं वाचलाय, त्यात मरण नाही. चोविसावाही वाचलाय, त्यात तो सुटतो. सुनेनं हे काही वाईट हेतूनं सांगितलं नव्हतं. पण मांडवातल्या म्हाताऱ्यांत कुणीतरी म्हणालं, बामी पुस्तकातल्या माणसाला आपल्या पदरचं मरण देते, मग देवाच्या धवल्यांत काय काय घालत असेल कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घणसोलीहून दुसरी धवलारीण आणली. अर्ध्या लग्नातून धवलारीण परत पाठवल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

हे मला तिनं स्वतः सांगितलं, आमच्या दारात उभं राहून. माझा भूमितीचा पेपर परवावर आला होता. आई त्या दिवशी घरीच होती, आतून हात पुसत पुसत बाहेर आली. बामामावशीच्या डोक्यावर टोपली नव्हती, तिला मी टोपलीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. ती तक्रार करायला आली नव्हती. तिला फक्त माझ्याकडून ऐकायचं होतं. माझा एक शब्द घेऊन ती बोनकोड्याला परत जाणार होती. पोरीनं वाचलं तेच मी सांगितलं, एवढंच तिला तिथं म्हणायचं होतं.

"पोरी, तू मना काय वाचून दाखवलास? कप्तान मेला का जिता हाय?"

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत प्रश्न वेगळा होता: परीक्षेच्या तोंडावर तू या बाईला गोष्टी वाचून दाखवत होतीस? मी पुरती कोंडीत सापडले होते, आणि तेवीस भाग मी उगाच वाचले नव्हते. हाताशी काय आहे ते बघितलं. हाताशी तिचा कान होता.

"मी मेला असं वाचलंच नव्हतं, मावशी. हवा संपत आली, एवढंच वाचलं. तुम्ही नीट ऐकलं नसेल."

चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात तशी मी तिच्या डोळ्याला डोळा देऊन उभी होते. ती रागावेल, भांडेल, असं मला वाटलं होतं. त्याचीही मी तयारी केली होती. पण तिनं मान थोडी तिरकी केली, जशी ती ऐकताना करायची, आणि अंगठा बोटांवरून एकदा फिरवला. मी तिच्यापेक्षा शिकलेली, माझ्यापुढे पुस्तक होतं, आणि मला खोटं बोलायचं काही कारण तिला दिसत नव्हतं. "मना वाटला?" असं ती स्वतःशीच म्हणाली. मग आईकडे वळून, परीक्षेच्या दिवसांत पोरीला त्रास दिला म्हणून माफी मागितली आणि कठड्याला धरून जिना उतरली. आई मला म्हणाली, असल्या लोकांना गोष्टी सांगायला जाऊ नये, ते काहीतरी भलतंच घेऊन बसतात. मी मान डोलावली.

मी पास झाले. गणितात एक्कावन्न. दादांनी पेढ्यांचा पुडा आणला आणि बिल्डिंगीत प्रत्येक दारी मला घेऊन गेले. बामामावशी आमच्याकडे यायची बंद झाली होती. तिच्या जागी दुसरी म्हावरेवाली यायची. तिच्याकडून जूनमध्ये कळलं की बामी आता गात नाही. बोनकोड्याचं लग्न सोडा, तिच्या गावच्या लोकांना तिच्याबद्दल काही शंका नव्हती, दोन घरची माणसं तिला बोलवायलाही गेली होती. पण तीच म्हणते, माझ्या कानाचा भरवसा राहिला नाही. एकदा चुकलेला कान मांडवात न्यायचा नाही, असं तिच्या आत्याचं सांगणं होतं म्हणे. म्हावरेवालीनं हे मासे साफ करता करता सहज सांगितलं. मी भांडं पुढे केलं आणि ते आत नेऊन ठेवलं.

आता हिशेब मांडायला गेलं तर मी जाऊ शकले असते असे दिवस किती होते! सानपाडा आमच्या घरून चालत अर्धा तास. कॉलेजात असताना मी त्या बाजूनं कितीदा गेले. बी.एड. झाल्यावर नोकरी लागली, तेव्हा वाटलं आता जावं, आता मी मोठी आहे. पण जितका उशीर होत गेला तितकं जाणं अवघड झालं; एका वर्षाच्या उशिराचं कारण सांगता येतं, पाच वर्षांच्या उशिराचं कुठून आणायचं? वर्गात मी मुलांना निबंध घालत होते, 'सत्याचे महत्त्व'. मुलं जे लिहीत त्यावर मी लाल पेनानं बरोबरच्या खुणा करत होते. मधल्या काळात मिठागरं आक्रसत गेली, सेक्टर वाढले, मैदानांवर इमारती आल्या. मला वाटायचं, एवढं सगळं बदललं, तर तेही बुजून गेलं असेल. शहर नवं होतं म्हणून असली समजूत सोपी जात असावी.

मग ही गोणी घरी आली. पहिल्यापासून वाचत सुटले. बाविसाव्या भागापर्यंत मी हसत होते, नाडीनं यान ओढण्याचा प्रसंग मी आईलासुद्धा वाचून दाखवला. तेविसाव्याच्या शेवटच्या पानावर आले आणि ती ओळ दिसली. 'दिगंतने स्वतःला विचारले, हाताशी काय आहे?' कोरी करकरीत ओळ, जी मी त्या दिवशी वगळली होती. मला पुढचा भाग उघडवेना. पुस्तक पालथं घालून मी स्वयंपाकघरात गेले, कणीक मळायला घेतली, आणि परातीत हात तसेच ठेवून रडले. आईनं विचारलं तर सांगितलं, पेपर कठीण होता म्हणून मुलांची कीव आली. म्हणजे खोटं बोलायची सवय काही गेलेली नाही.

गेल्या रविवारी मी सानपाड्याला गेले. बामामावशीचं घर आता पक्कं झालंय, पुढे ओटा आहे. ती ओट्यावर सुपात सुका जवळा निवडत बसली होती. केस पांढरे, कासोटा तसाच. मी नाव सांगायच्या आतच तिनं मला आवाजावरून ओळखलं आणि बसायला पाट दिला. किती शिकलीस, लग्न झालं का, आई बरी आहे का, दादा कारखान्यातून सुटले का, सगळं विचारलं. मी शिक्षक झाले म्हटल्यावर तिनं आत हाक मारून सुनेला चहा ठेवायला सांगितलं, आणि बाई आल्यात शाळेतल्या, असं अभिमानानं सांगितलं. हा मान मिळाल्यावर खरं सांगणं आणखी अवघड झालं. मग मी एक पळवाट काढली. पिशवीतून चोविसावा भाग काढला आणि म्हटलं, मावशी, राहिलेलं वाचून दाखवू?

तिनं सूप बाजूला ठेवलं. मी पहिलं पान उघडलं, तेवढ्यात तिनं हात वर केला. आधी मागचं म्हणून घेते, म्हणाली, म्हणजे दुवा लागेल. आणि डोळे मिटून, दहा वर्षांत ज्या गोष्टीला तोंड लावलं नव्हतं ती ती म्हणू लागली. बर्फाळ चंद्र. गुहा. नळकांडं. माझे सोळाव्या वर्षीचे शब्द, एकही इकडचा तिकडे नाही. हवा संपली, असं म्हणून ती थांबली आणि डोळे न उघडताच बोलली, "हितं तू पानी प्याला उठलीस. मंग परत आलीस आन बोललीस, कप्तान बर्फावर आरवा झाला." मी स्वतः हे पार विसरले होते. पुढे काय करायचं ते सुचेना म्हणून मी माठाशी जाऊन उभी राहिले होते. मग चिंचोक्याएवढी पृथ्वी आली, आणि शेवटी ती म्हणाली, घरी सांगा, मी वाट चुकलो नाही. मग डोळे उघडून, थोडं ओशाळून म्हणाली, माझ्या कानात हे असंच बसलंय बघ, तू काय ते खरं वाच.

मी सांगितलं. पाटावरून उठून तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं की तिनं म्हटलं ते अक्षर न् अक्षर मीच बोलले होते. पुस्तकात ते नव्हतं, माझ्या पदरचं होतं. तिचा कान चुकला नव्हता, तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. आईसमोर मी खोटं बोलले, आणि नंतर दहा वर्षं रोज ते खोटं तसंच ठेवलं. माफ करा म्हणायचं मी घरून ठरवून आले होते, पण ते म्हणायची वेळ आली तेव्हा तो शब्द मला फार स्वस्त वाटला आणि तोंडातून बाहेर पडला नाही. सून चहा घेऊन आली, आमच्याकडे बघून कप खाली ठेवून आत गेली.

बामामावशीनं सूप पुन्हा जवळ ओढलं. एक ट्रक गेला, त्याची धूळ ओट्यावर आली. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"माज्या पोराचं लगीन झाला, पोरीचं झाला. मी मांडवात गप बसली, दुसरी गायली. मंग मी गायाची कशाला थांबली?"

ती रागावलेली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं म्हणून तिनं विचारलं होतं, आणि मी शाळेतली बाई असल्यामुळे मला ठाऊक असेल अशा समजुतीनं ती उत्तराची वाट बघत राहिली.